अकरा भागांची फाइल

हायस्कूलच्या फाटकासमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी शाळा काकू म्हणते. मुख्याध्यापकही काकूच म्हणतात, आणि ते काकूंपेक्षा चांगले चौदा वर्षांनी मोठे आहेत. काकूंनी कधी हरकत घेतली नाही. गिऱ्हाईक आपल्याला काय म्हणतं यापेक्षा ते कागद सरळ आणून देतं की चुरगाळून, याकडे त्यांचं लक्ष असायचं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्यामागे दोन मशिनं, एक म्हातारं आणि दुसरं त्याहून म्हातारं. डाव्या भिंतीला पुठ्ठे, दोरा, सरस, कापडी पट्ट्या आणि बांधलेली वही दाबून ठेवायचा लोखंडी दाब. उजवीकडे खिडकीशी एक उंच स्टूल. शाळा सुटली की त्या स्टुलावर काकूंची एकुलती एक मुलगी येऊन बसायची. लहानपणी ती एका जागी पाच मिनिटं टिकत नसे म्हणून तिच्या बाबांनी तिला भिंगरी म्हटलं, आणि तेच नाव चिकटलं. बाबा लिफ्ट बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतात. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात शिरलेले असतात आणि संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन घरी येतात.

वर्षातले दहा महिने दुकानात वह्या, नोट्स, ओळखपत्रं असली किरकोळ कामं. उरलेले दोन महिने मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही, कारण ते कॉलेजच्या अर्जांचे. शहराबाहेर टेकडीवर एक कॉलेज आहे. तिथे जागा जेमतेम सव्वाशे आणि अर्ज करणारे हजारोंनी. अर्ज संगणकावर भरायचा असतो, पण वर एक बांधलेली फाइलही द्यायची, हा त्या कॉलेजचा जुना हट्ट. फाइलीत नववीपासूनचे गुण, दोन शिक्षकांची पत्रं, स्वतःविषयी एक निबंध, आणि अभ्यासाव्यतिरिक्त काय काय केलंत त्याचे पुरावे. किती पानं लावायची याला मर्यादा नाही, आणि इथेच घोडं पेंड खातं.

तेरा वर्षं काकूंनी या फाइली बांधल्या. वाचायच्या नाहीत असा त्यांचा नेम होता. पण मशिनवर पान ठेवताना नजर जायचीच, आणि बांधण्याआधी पानांचा क्रम लावायचा तर ती जावीच लागते. कोण बुद्धिबळात कुठपर्यंत पोचलं, कोणी शेजारच्या आंधळ्या बाईंना रोज पेपर वाचून दाखवला, कोणाला लहानपणी बोलताना अडखळायला व्हायचं आणि तेच पुढे वक्तृत्वात पहिलं आलं, सगळं काकूंना ठाऊक. यातला एक शब्द कधी दुकानाबाहेर गेला नाही. तेवढं मात्र काकूंचं मानायला हवं.

एक गोष्ट तेवढी त्यांना कधी कळायची नाही. निकाल. निकाल लागायचा सुट्टीत. तेव्हा शाळा बंद, दुकान अर्धं बंद, आणि पोरं पांगलेली. गरज सरो, वैद्य मरो. टेकडीवर प्रवेश मिळाला म्हणून झेरॉक्सच्या दुकानात सांगायला कोण येतंय. म्हणून मग काकू आपल्या मनाशीच निकाल लावायच्या. एखादी फाइल हातात जड लागली, कणा चार बोटं रुंद झाला, की म्हणायच्या, हिचं झालं. पातळ फाइल आली की त्यांना त्या पोराची कीव यायची. एकदा तेवीस पानांची फाइल घेऊन एक मुलगा आला तेव्हा काकूंनी आपल्याकडचा जाड पुठ्ठा घालून ती जरा भरल्यासारखी करून दिली होती. बिचाऱ्याला निदान हातात धरायला तरी काहीतरी असू दे, असा विचार.

काकूंचं स्वतःचं कॉलेज एका कागदापायी हुकलं होतं. अठराव्या वर्षी गुणपत्रिका घेऊन त्या एका चांगल्या कॉलेजात गेल्या. शेवटचा दिवस होता. तीन तास रांगेत उभ्या राहिल्या, आणि खिडकीशी पोचल्यावर कारकुनाने विचारलं, वर्तणुकीचा दाखला कुठाय? दाखला घरी. घर बसने दोन तासांवर. साडेबाराला खिडकी बंद झाली ती झालीच. असा दाखला लागतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, कारण घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. ही गोष्ट त्या फारशी कोणाला सांगत नसत. पण सांगायला लागल्या की पंचवीस वर्षांनंतरही त्यांचा आवाज बदलायचा. कागद कमी पडला म्हणून माझ्या पोरीचं अडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. आता यात चूक काय, सांगा.

भिंगरी आठवीत होती त्या वर्षीच्या अर्जांच्या दिवसांत कुरळ्या केसांची एक मुलगी फाइल घेऊन आली. एकशे साठ पानं. अकरा भाग. प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाचं पान, त्यावर सुबक अक्षरात नाव: खेळ, संगीत, सेवा, वक्तृत्व, विज्ञान, पर्यावरण, नेतृत्व आणि असंच पुढे. पोहण्यापासून व्हायोलिनपर्यंत जगात जे जे म्हणून काही आहे ते त्या पोरीने केलेलं. काकूंनी ती फाइल दाबाखाली ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग एका रद्दी कागदाच्या पाठीवर त्यांनी अकराच्या अकरा भागांची नावं लिहून घेतली. मजकूर नाही हं, फक्त नावं.

बाइंडिंगवाल्यांची एक पद्धत आहे. मोठं काम हाती घ्यायच्या आधी तेवढ्याच कोऱ्या पानांची एक वही बांधून बघायची. तिला डमी म्हणतात. कणा केवढा लागेल, पुठ्ठा किती कापायचा, सगळा अंदाज येतो. भिंगरी नववीत गेली त्या दिवशी काकूंनी तिची डमी बांधली. निळं कापड, एकशे साठ कोरी पानं, अकरा रंगीत पानांचे पडदे. संध्याकाळी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "चार वर्षांत ही भरायची. एकेक पान भरत गेलीस की भीती म्हणून वाटायची नाही."

भिंगरीने पानं उलटून बघितली. "सगळी?"

"सगळी."

बाबा हात पुसत आत आले होते. ते म्हणाले, "अगं, आधी कळस मग पाया असं झालं हे. मी लिफ्ट बसवायला जातो तेव्हा निदान इमारत तरी उभी असते."

"तुम्ही तुमच्या लिफ्टी सांभाळा," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला. त्या घरात काकूंनी संपवलेला विषय सहसा पुन्हा उघडत नसे.

मग सुरू झालं. सोमवारी पोहणं, मंगळवारी व्हायोलिन, बुधवारी वक्तृत्व, गुरुवारी विज्ञान मंडळ, शुक्रवारी पुन्हा व्हायोलिन, शनिवारी सकाळी वृद्धाश्रम आणि दुपारी झाडं लावणं. रविवारी नेतृत्वाचं शिबिर असलं तर शिबिर, नाहीतर राहिलेला अभ्यास. काकूंनी सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं. कुठल्या स्पर्धेत भाग घेतला तरी प्रमाणपत्र मिळतं आणि कुठे फक्त जिंकणाऱ्यालाच, ही माहिती तर त्यांच्याकडे अशी होती की दुसऱ्या आया विचारायला यायच्या. पोहण्यात भिंगरी सातजणींत सातवी आली. तिथे तिला उपस्थितीचं प्रमाणपत्र मिळालं. काकूंनी तेही लॅमिनेट केलं. खेळ या भागात पहिलं पान लागलं.

बाबा म्हणाले, "एक दिवस पोरीलाच लॅमिनेट करशील."

भिंगरी हसली. काकूही हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमातल्या व्यवस्थापकांकडून पत्र आणायला गेल्या. भिंगरी तिथे कशी प्रेमाने वागते, असं त्यांनी लिहून द्यावं अशी अपेक्षा होती. व्यवस्थापक सरळ माणूस. त्यांनी लिहिलं, मुलगी वेळेवर येते, शांत बसते आणि वेळेवर जाते. काकूंना ते जरा कोरडं वाटलं. पण शिक्का होता. शिक्का असला की काकूंचं मन विरघळायचं.

एक सांगायला हवं. भिंगरी कधी नाही म्हणाली नाही. हात-पाय आपटले नाहीत, दार लावून बसली नाही, एक क्लास बुडवला नाही. आई थकते, आई धावपळ करते, आईचं कॉलेज राहिलं, हे तिला सगळं दिसत होतं. त्यामुळे आई जे पान पुढे करील त्यावर ती उभी राहायची. एखादी भांडखोर पोरगी असती तर बरं झालं असतं, असं काकूंना पुढे वाटलं. पण तेव्हा त्यांना आपल्या लेकीचा अभिमान वाटायचा, आणि शेजारणींना त्या ऐकवायच्याही की आमच्या भिंगरीला काही सांगावं लागत नाही.

दहावीचं वर्ष अर्धं होईपर्यंत चौऱ्याण्णव पानं भरली होती. स्टुलावर बसलेली भिंगरी आता हलत नसे. शाळा सुटल्यापासून क्लासला निघेपर्यंत जी वीस मिनिटं मिळायची, त्यात ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची. काकू कागद कापताकापता तिच्याकडे बघून म्हणायच्या, "दमलीस का गं?" ती म्हणायची, "नाही." मग काकू पुन्हा कागद कापायला लागायच्या. गणितात नववीच्या सुरुवातीला शहाऐंशी होते, ते चौऱ्याहत्तर झाले, आणि दहावीच्या सहामाहीत एकसष्ट. काकूंनी गुणपत्रिका दोनदा बघितली. पण लगेच मनाची समजूत घातली की एवढ्या जाड फाइलीत एका पानाचं ते काय.

"आपली भिंगरी थांबली गं," एकदा बाबा जेवताना म्हणाले. ती तेव्हा व्हायोलिनला गेली होती.

"मोठी झाली ती," काकू म्हणाल्या.

 त्या दिवशी बाबांनी ताट तसंच ठेवलं आणि बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.

त्याच वर्षी, अर्जांच्या दिवसांत, एका दुपारी कुरळ्या केसांची ती मुलगी दुकानात आली. अंगात गणवेश नव्हता, साधे कपडे होते. आता अशी साध्या कपड्यातली मुलं दर वर्षी यायचीच, आणि ती धाकट्या भावंडांची कामं करायला येतात, असा काकूंचा पक्का समज होता. काकूंना मोठा आनंद झाला. ज्या फाइलीवरून आपल्या पोरीची चार वर्षं आखली तिची मालकीण समोर उभी.

"काय गं, टेकडीवरून आलीस? कसं काय तिथलं? धाकट्या बहिणीची फाइल का?"

मुलीने मान हलवली. मग म्हणाली, "नाही काकू. माझीच आहे."

काकूंना काही बोध होईना. मुलीने पिशवीतून गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. दोनशे बारा पानं. "तिसऱ्यांदा भरतेय," ती म्हणाली. "पहिल्यांदा नाही झालं. गेल्या वर्षी मावशीकडे राहून भरला, तेव्हाही नाही. या खेपेला दोन भाग वाढवलेत."

"अगं, पण एवढी मोठी फाइल..."

"तेच ना. अजून कमीच पडतेय बहुतेक." तिने पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "तुमच्याकडे येतात ना काकू, आमच्यासारखे दुसऱ्या-तिसऱ्यांदा भरणारे. त्या सगळ्यांच्या अशाच असतात जाडजूड. आम्ही एकमेकांना ओळखतो आता."

काकूंनी गठ्ठा उचलला आणि मशिनपाशी गेल्या. हात सवयीने काम करत होते. डोकं मात्र मागे धावत होतं. साध्या कपड्यातला तो उंच मुलगा, कणा चार बोटं. साध्या कपड्यातल्या त्या दोघी मैत्रिणी, तितकंच जाड. दर वर्षी जी फाइल हातात जड लागली म्हणून त्यांनी मनातल्या मनात पास केली होती, ती बहुतेक साध्या कपड्यातल्यांचीच होती. भावंडांचं काम वगैरे काही नव्हतं. ती पोरं स्वतःच परत आली होती, दर खेपेला थोडी जास्त पानं घेऊन. तेरा वर्षं काकू नापास झालेल्या फाइलींकडे बघून पास कसं व्हायचं ते शिकत होत्या.

कुरळी गेल्यावर त्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि तशाच उभ्या राहिल्या. एक पोरगा ओळखपत्राची झेरॉक्स मागत होता. त्याला तीनदा मागावी लागली.

शाळेत जिन्याखालच्या खोलीत प्रवेशाचा सल्ला द्यायला एक बाई बसतात. दुकानासमोर शाळा, शाळेत ही बाई, पण काकू तेरा वर्षांत तिच्याकडे एकदाही गेल्या नव्हत्या. आपल्याला काय ठाऊक नाही, असा एक ताठा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि गेल्या.

"टेकडीवर जी मुलं जातात," काकूंनी बसल्या बसल्या विचारलं, "त्यांच्या फाइली केवढ्या असतात हो?"

सल्लागार बाईंना हसू आलं. "तुम्ही मला विचारताय? गेल्या वर्षी चौघं गेली. तिघांच्या तुम्हीच बांधल्यात की."

काकूंना एकही आठवेना. बाईंनी सांगितल्यावर आठवली ती एकच. तेवीस पानांची. तो मुलगा चार वर्षं आपल्या घरामागच्या एकाच नाल्याचं पाणी मोजत होता. किती चढलं, किती उतरलं, त्यात काय काय वाहून आलं. सुरुवातीला उगीच, मग आवडायला लागलं म्हणून. फाइलीत दुसरं काही नव्हतंच. आणि काकूंनी दया येऊन तिला जाड पुठ्ठा घातला होता.

"मग," काकू म्हणाल्या, आणि कागद कापायला घ्यावा तशा सरसावून बसल्या, "आमच्या पोरीनं आता काय मोजायचं?"

"ते मी कसं सांगू? तिला काय आवडतं?"

"सगळंच आवडतं तिला."

बाईंनी नोंदवही उघडली आणि भिंगरीच्या नावासमोर बोट ठेवलं. शहाऐंशी, चौऱ्याहत्तर, एकसष्ट. "हे आधी बघा काकू. नववी-दहावीचे गुण तिथे धरतात, त्यातून सुटका नाही. पण अजून दोन वर्षं आहेत, सावरता येईल. सहा दिवसांत सात ठिकाणी जाते ती. अभ्यास कधी करणार? यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते तिलाच विचारा. तिला जे खरंच आवडतं ते ठेवा."

एक ना धड, भाराभर चिंध्या. काकूंच्या सासूबाई हे कायम म्हणायच्या, आणि काकूंना त्याचा राग यायचा. जिन्याखालच्या खोलीतून बाहेर पडताना तेच शब्द त्यांच्या डोक्यात घोळत होते. पण काकू म्हणजे काकू. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी नवा बेत आखलाही होता. आवडतं ते विचारायचं, तेच धरायचं, बाकी सगळं सोडायचं, आणि ते एकच इतकं पक्कं करायचं की टेकडीवरच्यांनी बघत राहावं. दोन वर्षं काही कमी नाहीत.

शाळा सुटली. भिंगरी आली, दप्तर ठेवलं, स्टुलावर बसली. काकूंनी दोन्ही मशिनं बंद केली. ती दुपारी कधी बंद होत नसत, त्यामुळे भिंगरीने डोळे उघडून बघितलं.

"वीज गेली?"

"नाही. मला एक सांग. तुला काय आवडतं?"

भिंगरीने दप्तरातून पेन काढलं. "कुठल्या भागासाठी?"

"भागाबिगासाठी नाही गं. असंच. तुला काय करायला आवडतं?"

भिंगरी विचार करू लागली. खरोखरच करू लागली, कपाळाला आठी घालून, परीक्षेत प्रश्नाचं उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी. काकू वाट बघत राहिल्या. बाहेर पोरं फाटकातून बाहेर पडत होती, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं.

"व्हायोलिन लिहू?" ती म्हणाली. "पण त्याच्या दोनच परीक्षा झाल्यात. सेवा चांगली दिसेल का? सेवेला पत्र आहे."

"दिसायचं सोड. आवडतं का?"

"माहीत नाही." ती घाबरल्यासारखी झाली. आईला हवं ते उत्तर आपल्याकडे नाही, असं तिचं पहिल्यांदाच होत होतं. "तूच सांग ना आई. मला काय आवडतं ते तुला माहितीय की."

काकू सांगायला गेल्या. तोंड उघडलं, आणि त्यात काही नव्हतं. या फाटकातून गेलेल्या तेरा वर्षांच्या पोरांना काय काय आवडायचं ते त्यांना पाठ होतं. कोणाला तारे, कोणाला जुनी घड्याळं, कोणाला नाल्याचं पाणी. समोर स्टुलावर बसलेल्या स्वतःच्या पोरीचं मात्र त्यांना एकसुद्धा सांगता येईना. लहानपणी तिला काय आवडायचं ते आठवायला गेल्या, तर ती धावताना आठवली. कुठे धावायची, कशामागे धावायची, तेवढं बघायला काकूंना तेव्हा वेळ नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीसमोर रडायचं नाही हा नेम त्यांनी सोळा वर्षं पाळला होता, तो मोडला.

"मलाही नाही माहीत गं," त्या म्हणाल्या.

"मग माझं होणार नाही का टेकडीवर?"

हा प्रश्न तिने इतक्या हळू विचारला की काकूंच्या काळजाचं पाणी झालं. ही भीती पोरीच्या पोटात किती दिवस होती कोण जाणे. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "नाही झालं तर नाही झालं."

खरं सांगायचं तर तसं त्यांना वाटत नव्हतं. मुळीच वाटत नव्हतं. टेकडी त्यांना अजूनही हवी होती, अगदी रांगेत उभ्या राहिलेल्या त्या दिवशी हवी होती तेवढीच. पण शब्द तोंडातून गेला, पोरीने ऐकला, आणि तिच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालेलं काकूंनी बघितलं. आता तो परत कसा घेणार.

त्या आठवड्यात क्लासेस बंद झाले. व्हायोलिनच्या सरांना वाईट वाटलं, पोहण्याच्या बाईंना कळलंसुद्धा नाही. गणिताला रोज संध्याकाळी एक तास, तेवढं काकूंनी ठेवलं आणि त्यात तडजोड नाही म्हणून सांगितलं. बाकी वेळ मोकळा. काय करायचं ते भिंगरीने ठरवायचं, आणि काकूंनी विचारायचं नाही. ही दुसरी अट बाबांनी घातली. बाबा कधी अटी घालत नाहीत, म्हणून काकूंनी ऐकलं.

पहिला शनिवार उजाडला. भिंगरी नेहमीच्या वेळेला उठली, कपडे करून तयार झाली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दुकानात येऊ?"

"नको."

"मग काय करू?"

काकूंच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. अशी दहा कामं, की एकेकाला प्रमाणपत्र आहे. त्यांनी जीभ दाताखाली धरली आणि म्हणाल्या, "मला काय माहीत. तुझा शनिवार आहे." आणि डबा उचलून दुकानात निघून आल्या. जिना उतरताना त्यांना पोरीला उपाशी टाकून आल्यासारखं वाटत होतं.

दिवसभर काकूंचं कशात लक्ष लागलं नाही. शेजारी औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं की भिंगरी अकराच्या सुमाराला पुलाकडे जाताना दिसली, एकटीच. काकूंनी सांगितलं, हो, ठाऊक आहे मला. ठाऊक काही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एका वहीच्या पानांचा सबंध एक जुडगा उलटा बांधला. बावीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. शिवण उसवून पुन्हा बांधायला बसल्या, तर सुई बोटात गेली.

दिवे लागायच्या सुमाराला त्या घरी आल्या तेव्हा भिंगरी आलेली नव्हती. बाबा टेबलाशी बसून पाना पुसत होते, आणि घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होते. काकूंनी ताटं मांडली. तिन्ही मांडली. मग जिन्यावर पावलं वाजली, भराभर, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. दार उघडलं. भिंगरीचे बूट मातीने भरलेले, एका बुटाची नाडी तुटून तिथे कसलीतरी सुतळी बांधलेली, गाल उन्हाने लाल. तिने हात धुतले न धुतले आणि ताटावर बसली.

बाबा म्हणाले, "काय गं, कुठे..."

काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. बाबांनी वाक्य गिळलं आणि मीठ मागितलं, मीठ समोरच होतं.

भिंगरी जेवली. मागून घेऊन जेवली. कितीतरी महिन्यांत काकूंनी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. आणि मधेच, घास हातात तसाच ठेवून, दिवसभरातलं काहीतरी आठवून ती स्वतःशीच हसली. काकूंना फार विचारावंसं वाटलं. त्यांनी तिच्या ताटात आणखी वाढलं. काय आठवलं होतं ते भिंगरीने सांगितलं नाही, आणि काकूंना ते आजवर माहीत नाही.